टॅरोचे पत्ते आणि रोजची वही

टॅरो म्हटले की आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटतात. काही जण ‘थोतांड’ म्हणून विषय मिटवतात. काही जण लग्न कधी जमेल, परदेशाचा योग आहे का, हे विचारायला पैसे मोजून टॅरो रीडरसमोर बसतात. या दोहोंपेक्षा वेगळा एक वापर अलीकडे शहरांतून दिसू लागला आहे. सकाळी चहाबरोबर एक पत्ता उचलायचा, त्यावरचे चित्र निरखायचे, ते पाहून मनात जे आले ते वहीत पाच-सहा ओळींत उतरवायचे आणि कामाला लागायचे. भविष्याचा प्रश्नच काढायचा नाही. हे करणाऱ्यांत पत्रिकेवर काडीचा विश्वास नसलेलेही आहेत.

ही जुनीच अंधश्रद्धा नवे कपडे घालून आली आहे, की यात काही घेण्यासारखे आहे? आमचे मत आधीच सांगतो: घेण्यासारखे आहे. पण त्याचे श्रेय पत्त्यांतल्या कोणत्याही गूढ शक्तीला जात नाही, आणि त्या शक्तीवर भिस्त ठेवायला लागले की जे घेण्यासारखे होते तेही हातचे जाते. हे पटण्यासाठी टॅरोचा इतिहास पाहायला हवा, कारण बाजारात सांगितला जातो तसा तो नाही.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा डाव. खेळायचे पत्ते युरोपात पोचले चौदाव्या शतकात, इजिप्तमधल्या मामलुक राजवटीच्या मुलखातून. त्या पत्त्यांवर पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या अशी चार चिन्हे होती. इटलीत ती तशीच रुजली. पोलो तिथे कुणी खेळत नसल्याने काठ्या नुसत्या काठ्या उरल्या. पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत या चार रंगांच्या 56 पत्त्यांना आणखी 22 चित्रपत्त्यांची जोड मिळाली. सम्राट, संन्यासी, नशिबाचे चाक, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य असे त्यांचे विषय. मेंढीकोट खेळणाऱ्याला त्यांचे काम लगेच कळेल: हे हुकमाचे पत्ते. आपल्याकडे हुकूम दर डावाला नव्याने ठरतो. इथे 21 पत्ते कायमचेच हुकूम होते, आणि बाविसावा ‘मूर्ख’ काही खास सवलतीपुरता. फ्लॉरेन्समधल्या एका रोजनिशीत 1440 साली या पत्त्यांचा उल्लेख आहे. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले पत्ते आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी 1980 मध्ये या खेळाचा जाडजूड इतिहास लिहिला, आणि फ्रान्स-ऑस्ट्रियात आजही लोक टॅरो खेळतात, तेही गुण मोजून, भांडून.

मामलुक पत्त्यांचे नातलग आपल्याकडेही आले, ते गंजिफाच्या रूपाने. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघली गंजिफा 96 पत्त्यांचा, दशावतारी गंजिफा 120 पत्त्यांचा. सावंतवाडीत हे गोल पत्ते हाताने रंगवण्याची कला अजून टिकून आहे. त्या पत्त्यांवर तर मत्स्यापासून कल्कीपर्यंत साक्षात दहा अवतार आहेत. तरी ते हातात घेऊन कुणी आपल्या बढतीचे विचारत बसल्याचे ऐकिवात नाही.

टॅरोचे मात्र तसे झाले. 1781 मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबेलाँ या विद्वानाने आपल्या भल्यामोठ्या ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर केले की, हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी खेळाच्या वेषात लपवलेले ज्ञान आहे. त्यासाठी पुरावा काही नव्हता. असण्याची शक्यताही नव्हती, कारण इजिप्तची चित्रलिपी वाचण्याची किल्ली शांपोल्यॉं या फ्रेंच विद्वानाला सापडली 1822 मध्ये, म्हणजे आणखी एक्केचाळीस वर्षांनी. पण लोकांना ही कथा आवडली. चारच वर्षांत, 1785 मध्ये, एतैया या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॅरिसच्या एका गृहस्थाने या पत्त्यांवरून भविष्य कसे सांगावे याचे पुस्तक काढले, आणि मग शिकवण्या, सल्ले, स्वतःचा खास संच असा सगळा संसार थाटला. पुढे एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने एकोणिसाव्या शतकात 22 पत्त्यांची सांगड हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांशी घातली. ‘हजारो वर्षांचे प्राचीन ज्ञान’ असे जे आज जाहिरातींत वाचायला मिळते, त्याचे वय सव्वादोनशे-अडीचशे वर्षांच्या आसपास आहे. त्याआधीची सुमारे साडेतीनशे वर्षे टॅरो हा प्रामुख्याने खेळ होता.

मग आज लोक ज्या चित्रांसमोर वही उघडून बसतात ती आली कुठून? हा या सगळ्या प्रकरणातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ती आली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीच्या कुंचल्यातून. तिचा जन्म 1878 मध्ये लंडनमध्ये झाला. आईवडील अमेरिकन, बालपण काही काळ मँचेस्टरला तर काही काळ जमैकात गेले, चित्रकलेचे शिक्षण ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये. जमैकात ऐकलेल्या, जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या लोककथांचे पुस्तक तिने 1899 मध्ये स्वतःच्या चित्रांसह प्रसिद्ध केले. एलेन टेरी आणि हेन्री आयर्व्हिंग या गाजलेल्या नटांच्या लिसियम थिएटरच्या मंडळीत ती वावरली, नेपथ्य-वेषभूषेची कामे केली. छायाचित्रांना कलेचा दर्जा मिळावा म्हणून झटणाऱ्या आल्फ्रेड स्टीग्लिट्झने न्यूयॉर्कच्या आपल्या कलादालनात 1907 मध्ये छायाचित्रांव्यतिरिक्त पहिले प्रदर्शन भरवले, ते तिच्या चित्रांचे. अशा या बाईला आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाने 1909 मध्ये टॅरोच्या नव्या संचाचे काम दिले. काही महिन्यांत तिने सगळी चित्रे पुरी केली. मोबदला तुटपुंजा होता, हे तिने स्वतःच स्टीग्लिट्झला पत्राने कळवले होते. संच डिसेंबर 1909 मध्ये लंडनच्या रायडर या प्रकाशनाने काढला आणि जगभर तो प्रकाशक व वेट यांच्याच नावाने ओळखला गेला. पामेलाच्या वाट्याला प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यातली गुंफलेल्या आद्याक्षरांची तिची सही तेवढी आली. 1951 मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड या गावी ती वारली, तेव्हा अंगावर कर्ज होते.

तिने केले काय, ते नीट पाहू. जुन्या टॅरोत चित्रे असत ती त्या 22 चित्रपत्त्यांवर आणि राजा-राणीच्या पत्त्यांवर. एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या चाळीस पत्त्यांवर आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी नुसती मोजणीची चिन्हे असत: पाच पेले, आठ तलवारी. पामेलाने त्या साध्या पत्त्यांवरही माणसे उभी केली. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या एका इटालियन संचात असा प्रयोग झालेला होता, आणि त्याची छायाचित्रे 1907 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. हृदयात रुतलेल्या तीन तलवारींची कल्पना दोन्हीकडे आहे. पण पामेलाची माणसे तिची स्वतःची आहेत. नाटकाच्या जगात वावरलेल्या चित्रकर्तीला ठाऊक असते की माणूस कसा उभा आहे यावरूनच निम्मी गोष्ट कळते. आठ पेल्यांच्या पत्त्यावर एक जण नीट रचलेले पेले मागे टाकून, आपल्याकडे पाठ करून, चंद्राच्या उजेडात डोंगराकडे चालला आहे. चार पेल्यांच्या पत्त्यावर झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण. ढगातून एक हात त्याच्यापुढे पेला धरतो आहे, आणि त्याचे तिकडे लक्ष नाही. नऊ तलवारींच्या पत्त्यावर मध्यरात्री अंथरुणात उठून बसलेली, तोंड ओंजळीत लपवलेली व्यक्ती. आठ तलवारींच्या पत्त्यावर डोळ्यांना पट्टी आणि अंगाला बंध असलेली स्त्री. तिचे पाय मात्र मोकळे आहेत.

यातल्या कोणत्याही चित्रात पुढे काय होणार ते सांगितलेले नाही. आठ पेल्यांचा माणूस कंटाळून निघाला आहे, हाकलला गेला आहे, की काही शोधायला चालला आहे? चित्र पाहणारा ते ठरवतो, आणि ठरवताना स्वतःबद्दल काही तरी सांगून बसतो. मानसशास्त्राला ही युक्ती परकी नाही. हार्वर्डमध्ये क्रिस्टियाना मॉर्गन आणि हेन्री मरे यांनी 1935 मध्ये जी चाचणी मांडली, तिच्यात अशीच अर्धवट प्रसंगांची चित्रे दाखवून त्यांवर गोष्ट रचायला सांगतात. त्याआधी 1921 मध्ये स्वित्झर्लंडच्या हर्मन रॉर्शाखने शाईचे दहा डाग वापरले होते. अशा चाचण्यांवरून एखाद्याच्या स्वभावाचे निदान कितपत करावे याबद्दल मानसशास्त्रज्ञांत मोठे वाद आहेत, आणि टॅरो ही तर चाचणीही नाही. पण निदान बाजूला ठेवले तरी एवढे उरते की, अस्पष्ट चित्रासमोर माणूस बोलता होतो.

समजा, आईच्या आजारपणाचे सगळे पाहणारी एक मुलगी आहे. सकाळी तिच्या हाती दहा काठ्यांचा पत्ता आला. एक माणूस दहा दांडक्यांचा भारा कवेत धरून वाकून चालला आहे, भाऱ्यात तोंड लपल्यामुळे त्याला समोरचे गाव दिसत नाही. ती लिहिते: ‘याने हा भारा दोन खेपांत का नाही नेला? कुणाला हाक का नाही मारली?’ पुढच्या ओळीत नाशिकच्या भावाचे नाव येते, ज्याला तिने कित्येक दिवसांत फोन केलेला नाही. पत्त्याला भाऊ ठाऊक नव्हता. आई आजारी आहे हेही ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते तिलाच, फक्त त्या बाजूने विचार करायला सवड आणि निमित्त मिळाले नव्हते.

इथे पत्ता पिसून काढण्याचा खरा उपयोग कळतो. आपण स्वतःला प्रश्न विचारतो तेव्हा ते बहुधा कालचेच असतात आणि उत्तरेही कालचीच. पिसलेल्या संचातून अचानक आलेले चित्र त्या ठरलेल्या वाटेवरून आपल्याला बाजूला ओढते. ते आपल्या सोयीने निवडलेले नसते, म्हणून टाळताही येत नाही. इटालियन कादंबरीकार इटालो काल्व्हिनो याने हे फार सुंदर ओळखले होते. ‘द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’ या त्याच्या 1973 च्या पुस्तकात जंगल पार करून आलेल्या प्रवाशांची वाचा गेलेली असते आणि ते टॅरोचे पत्ते मांडून आपापली कहाणी सांगतात. पत्ते तेच, पण एकाच्या कहाणीत जो पत्ता प्रेयसी असतो तोच दुसऱ्याच्या कहाणीत शत्रू होतो. काल्व्हिनोला भविष्याशी काही देणेघेणे नव्हते; त्याला ते गोष्टी निर्माण करणारे यंत्र वाटले. टॅरोकडे भविष्याऐवजी आत्मचिंतनासाठी वळलेल्यांनाही हेच हवे असते. अमेरिकेत मेरी ग्रीअर यांचे 1984 चे पुस्तक याच वाटेचे. त्यात पत्त्यांइतकेच महत्त्व वहीला आहे.

वहीला महत्त्व आहे, कारण काम तीच करते. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक अनुभवांविषयी लिहायला लावले. पुढच्या काही महिन्यांत त्यांचे विद्यापीठाच्या दवाखान्यातले खेटे इतरांपेक्षा कमी झाले. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच निघाला, तरी अगदीच नाहीसा झाला नाही. काही न लिहिता पत्ता नुसता पाहिला तर अर्ध्या तासाने तो आठवणारही नाही.

आता दुसरी बाजू. माणूस अर्थ लावण्यात इतका तरबेज आहे की, कुठेही लावतो. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी वाचावा. त्याने 39 विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचे ‘वैयक्तिक’ वर्णन दिले आणि ते किती जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली 4.26. वर्णन मात्र सगळ्यांना एकच दिलेले होते, आणि ते मुख्यत्वे ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेले होते. ‘तुम्ही वरून कणखर दिसता, पण आतून हळवे आहात’ असे सांगितल्यावर नाही म्हणणारा कोण? टॅरो रीडरच्या ‘अगदी बरोबर सांगितले हो!’चे मोठे भांडवल हेच आहे.

उरलेले भांडवल अंकगणिताच्या अज्ञानाचे. 78 पत्त्यांतून तीन पत्ते क्रमाने काढले तर 4,56,456 वेगवेगळ्या मांडण्या होतात, म्हणून प्रत्येक मांडणी ‘केवळ माझ्यासाठी’ आल्यासारखी वाटते. तीन पत्त्यांत त्या 22 चित्रपत्त्यांपैकी निदान एक तरी येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के आहे, तेव्हा ‘आज मोठा संकेत आला’ हे पाचातल्या तीन दिवशी म्हणता येईल. दहा पत्त्यांच्या प्रसिद्ध मांडणीत ‘मृत्यू’ हा तेराव्या क्रमांकाचा पत्ता साधारण आठात एकदा येणारच. तो आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, आणि ‘मृत्यू म्हणजे परिवर्तन हो’ असे सांगून त्याचे पैसे घेण्याचेही नाही.

पत्ते भविष्य सांगत नाहीत हे ठामपणे म्हणायला महाराष्ट्रातला एक जवळचा दाखलाही मदतीला येतो. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यातून फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या एकूण 200 मुलांच्या पत्रिका गोळा करून त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिष्यांकडे पाठवल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायचे होते. 27 ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली 46 टक्के. नाणे उडवून निम्मी बरोबर आली असती. ही चाचणी टॅरोची नव्हती, पण जो टॅरो रीडर भविष्य सांगण्याचा दावा करतो त्याने अशाच चाचणीला उभे राहण्याची तयारी ठेवली पाहिजे.

रोजच्या वहीवाल्यांना असा कोणताच दावा करायचा नसतो, आणि त्यांनी तो चुकूनही करू नये. हे म्हणायला सोपे, पाळायला अवघड आहे. मन अडचणीत असले की ‘मला या नोकरीत नेमके काय सलते आहे?’ हा प्रश्न बघता बघता ‘मला दुसरी नोकरी लागेल का?’ असा होतो. प्रश्नात ‘कधी’ आणि ‘होईल का’ शिरले की वही मिटावी. नवऱ्याच्या, सासूच्या, साहेबाच्या मनात काय आहे ते पत्त्याला विचारणे तर निव्वळ पळवाट. ती माणसे हयात आहेत, त्यांना विचारता येते. आणि मनासारखा पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा पिसत बसणारा चिंतन करत नसतो, तो कौल मागत असतो. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, मूर्तीला चिकटवलेली पाकळी कोणत्या बाजूने पडते त्यावरून होकार-नकार समजतात. त्या प्रथेबद्दल कुणाचे काहीही मत असो, तिच्यात निर्णय देवावर सोपवला जातो आणि ते उघडपणे होते. निर्णय पत्त्यावर सोपवायचा आणि वर त्याला आत्मविकास म्हणायचे, यात मात्र स्वतःचीच फसवणूक आहे.

आणखी एक सवय लावून घ्यावी. संचाबरोबर येणारी अर्थांची पुस्तिका आधी उघडू नये. तिच्यात चार पेल्यांना ‘असमाधान’ असे काही तरी छापलेले असते, आणि ते एकदा वाचले की झाडाखालचा तरुण समाधानीही असू शकतो हे सुचत नाही. आधी चित्र, मग स्वतःचे लिखाण, पुस्तिका वाटलीच तर शेवटी. लिखाणाचा शेवट एखाद्या कामावर व्हावा: फोन करायचा, रजा मागायची, हिशेब मांडायचा. नाही तर रोज तेच दुःख रोज नव्या चित्राखाली उगाळले जाते, आणि असे उगाळणे नैराश्याला पोसते हे मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या दीर्घ संशोधनातून पुढे आले आहे.

राहिला प्रश्न बाजाराचा. रस्त्याकडेचा पोपटवाला थोड्याशा पैशांत पोपटाकडून एक पत्ता काढून घेतो. वातानुकूलित खोलीतला ‘टॅरो हीलर’ तेच करून कितीतरी पटींनी जास्त घेतो आणि सोबत ‘उपाय’ म्हणून खडे, मेणबत्त्या विकतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख अमानुष आणि अघोरी प्रथांवर आहे. जोशी-ज्योतिषी, नंदीबैलवाले आणि वास्तुशास्त्र सांगणारे यांच्या सल्ल्याला त्यात स्पष्ट सूट आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पत्ते समोर मांडून लोकांच्या नैराश्यावर, मोडलेल्या लग्नांवर, गर्भपातांवर बोलणाऱ्याला अशी कोणतीही नोंदणी लागत नाही. आमच्या मते दुसऱ्याकडून टॅरो वाचून घेण्याची गरजच नाही, कारण या वापरात जे काही मोलाचे आहे ते चित्र पाहणाऱ्याकडून येते. चित्रांसाठीही कुणा मध्यस्थाची गरज नाही: पामेलाच्या चित्रांवरचा ब्रिटन आणि युरोपातला स्वामित्वहक्क 1 जानेवारी 2022 पासून संपला आहे.

घरातल्या मुलाने किंवा मुलीने टॅरोचा संच आणला तर तो लगेच कचऱ्यात टाकू नका, आणि कौतुकाने आपले भविष्यही विचारू नका. ते मूल वहीत लिहिते का, एवढे पाहा. लिहीत असेल तर त्याला त्याच्या वहीबरोबर एकटे राहू द्या. पण झोप उडाली असेल, खाणेपिणे सुटले असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर पत्ते आणि वही दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येते.